मुकेशच्या हातचा लाल दोरा

मुकेश माहा सख्खा लहान भाऊ. हे पहिलेच सांगून टाकतो, काऊन का वर्ध्यात कोनी त्याची तारीफ केली का मी मधातच बोलतो, "माहाच भाऊ हाय तो." मी रूपराव, नाचणगावचा. शिकलो सातवीलोक. पन आमच्या घरचं मानूस खोटं बोललं, असं उभ्या देवळी तालुक्यात कोनी म्हनून दाखवा.

वर्ध्याच्या मोठ्या दुकानात मुकेश लागला तवा मीच त्याले मोटरसायकलवर मागं बसवून नेलतं. तीन माळ्याचं दुकान. खाली किराना आन् भांडे, मधात कपडे, वर पंखे, मिक्सर, कूलर. काचेचं दार इतकं चकचकीत, का खेड्यातले लोकं बाहेरच चपला काढत. मुकेश म्हने, "घालूनच या काकाजी, देऊळ नोहे हे."

त्याची एक रीत होती. कूलर इकला का तो खोक्यातून काढे, पानी भरे, चालू करे. टेस्टर लावे. मंग चप्पल काढून पत्र्याले उलटा हात लावे. सुलटा नाई. करंट असला तं सुलटा हात चिकटून जाते, उलटा झटक्यानं मागं येते. हात सुखरूप राह्यला का कूलरच्या कडीले लाल दोरा बांधे. गाठ आमच्या बाबाची. बाबा बैलाच्या कासऱ्याले मारत ती. एका टोकानं वढली तं सुटते, दुसऱ्यानं वढली तं आवळते. आम्हा दोघा भावायशिवाय कोनाले जमत नाई. नालवाडीपासून रोहण्यालोक बाया दुकानात येऊन एकच इचारत, "मुकेशचा दोरा हाय का?"

मंग मोबाईल आला. लोकं वर येत, कूलर चालू कराले लावत, हवा खात, फोटो काढत, आन् पायऱ्या उतरता उतरता मोबाईलवर दुसराच मागवत. कपड्याचा माळा बंद पडला. तिथले दिवे काढून घेतले, वर जाताना अंधारातून चाचपडत जा लागे. मालक कृष्णकांत शेठ आजारी पडले आन् गल्ल्यावर त्यायचा पोरगा साकेत बसला. त्यानं दुकान बंद कराचा सेल लावला आन् सेलसाठी सस्त्या कूलरची गाडी उतरवली. पत्रा असा, का बोटानं दाबला तं खड्डा पडे. मुकेशनं पहिलाच लावून पाह्यला आन् हात झटकला. दुसऱ्यात पंपच फिरेना. त्यानं दोरा खिशात ठेवून देला.

साकेत म्हने, "मुकेशभाऊ, लोक तुमच्या दोऱ्यासाठीच येतात. बांधून टाका ना. सेल संपला की दुकानच नाही. कोण येतंय विचारायला?"

"तुमचं दुकान नाई राह्यनार, साकेतबाबू. मी तं राह्यतो ना इथंच."

त्याच हप्त्यात रोहण्याची रुख्माबाई येऊन गेलती, कडेवर लेकीचं रांगतं लेकरू घेऊन. "घामोळ्यानं रडून राह्यलं रे बापा, दे एखादा." मुकेशनं तिले साफ सांगतलं, "थांब मावशी. चांगला आला का दोरा बांधून ठेवतो."

मे महिन्यातली भर दुपार. मी फवारनीच्या पंपाचा वायसर घ्याले वर्ध्याले गेलतो, तसाच भावाच्या काउंटरवर जाऊन बसलो. मुकेशले साकेतनं सकाळपासून गोदामात धाडलं होतं. तो आला आन् कूलरच्या रांगेपुढं उभाच राह्यला. साऱ्यायले लाल दोरे.

"दादा, हे पाह्य."

म्या पाह्यलं. बुटाच्या लेसावानी गाठ.

"कोनं बांधले?" मुकेशनं साकेतले इचारलं.

"दोराच तर आहे, भाऊ. एक गेलासुद्धा. रोहण्याची म्हातारी घेऊन गेली टेम्पोत. दोरा पाहिला नि लगेच म्हणाली, द्या."

मुकेशनं खिशातून मोबाईल काढला. रुख्माबाईच्या पोराले, आदेशले, फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

म्या गाडीची चाबी काढली. "बस मागं."

पुलगावावरून रोहण्याच्या रस्त्यावर त्या उन्हात कुत्रं दिसत नोहतं. माह्यावानी गाडी हाकनारा आमच्याकडे दुसरा नाई, पन त्या दिवशी मलेही हँडल जड लागून राह्यलं होतं. मागून मुकेश एकच घोकून राह्यला, "पानी भरलं नसंल अजून. नसंल भरलं."

रुख्माबाईच्या अंगनात गाडी थांबवली, तं आतून घर्रर्र आवाज.

मुकेश चालत्या गाडीवरूनच उतरला होता. मी दारात पोचलो तवा कूलरखालून पानी झिरपून फरशीवर आलं होतं, आन् लेकरू त्याच पान्याकडे थपथप हात मारत पुढं सरकून राह्यलं होतं. लाल दोऱ्याकडे पाहून हासे. मुकेशनं त्याले काखेतून उचललं आन् दुसऱ्या हातानं बोर्डातली पिन उपटली.

"आरे, काऊन बंद केला?" रुख्माबाई बाजेवरून उठली. "आत्ताच तं ठंडी हवा लागली!"

"करंट हाय मावशी."

"चाल, काईतरीच! तुहाच दोरा हाय ना?"

"माहा नोहे तो."

"मंग कोनाचा? लाल हाय, कडीलेच हाय."

तिले पटेना. तिची लेक सुरभी लेकरू घेऊन अंगनात गेली. मुकेशनं पिन लावली, चप्पल काढली आन् उलटा हात लावला. खांद्यालोक झटका बसला, मनगट भितीवर आपटलं. म्या पिन काढली.

रुख्माबाई लेकराकडे पाहून राह्यली. मंग म्हने, "म्या दुकान नाई पाह्यलं, मुकेश. तुहा दोरा पाह्यला."

मुकेश माह्यासंग तसाच वर्ध्याले वापस आला. दुकानात गेला आन् भर गिऱ्हाइकात कैचीनं एकेक दोरा कापला. "हे माहे नोहेत. ह्यायले हात लावू नका." लोकं पायऱ्या उतरू लागले. साकेत ओरडला, "उद्यापासून येऊ नका!" मी त्याले काचेच्या दारातून सरळ बाहेरच फेकला असता, पन मुकेशनं माहा हात धरला. कैची काउंटरवर ठेवली आन् खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच नाचणगावात आमच्या दारात टेम्पो थांबला. पुढं रुख्माबाई, मागं कूलर धरून आदेश. मले वाटलं, भांडाले आले. मी बाह्या सावरल्या.

"दुकानात नाई नेला," रुख्माबाई म्हने. "तुह्यापाशी आनला."

मुकेशनं कूलर अंगनात उतरवून खोलला. पंपाचा वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडा पडला होता, आन् अर्थिंगचा तं वायरच नोहता. त्यानं दोन्ही नवे टाकले. पानी भरलं, टेस्टर लावला. शेजारचे लोकं भितीपाशी येऊन उभे राह्यले. मुकेशचा हात सवयीनं खिशात गेला. लाल दोरा अर्धा बाहेर आला.

"दोरा राहू दे," रुख्माबाई म्हने. "माह्यासमोर हात लाव."

मुकेशनं दोरा खिशात घातला, चप्पल काढली आन् उलटा हात पत्र्यावर टेकवला. तसाच ठेवला, रुख्माबाई "बस" म्हनेपर्यंत.