सुनेचा व्हिसा, मुलाचे राहिलेले रिटर्न

आमच्या मुलानं पुण्यात परस्पर लग्न ठरवलं, तेव्हा माझ्या नवऱ्यानं चष्मा पुसला आणि नुसतं 'बरं' म्हणाला. मुलगी नागपूरची, जनावरांची डॉक्टर, आमच्या कुणाच्याच ओळखीतली नाही, यातलं काही म्हणजे काही त्याला खटकलं नाही. पण पुण्याला गेल्यापासून मुलानं अमेरिकेचा एकही टॅक्स रिटर्न भरलेला नाही हे कळलं, त्या दिवशी मात्र हा माणूस जेवला नाही.

मुलगा इथलाच, मॅसॅच्युसेट्सचा. श्रूजबरीच्या शाळेत शिकला, जन्मानं अमेरिकन. कॉलेज संपल्यावर 'एक वर्ष मुळं शोधायला' म्हणून पुण्याला गेला. मुळं त्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सापडली, बहुतेक तिच्या स्वयंपाकघरात, कारण नंतर तो तिथून हललाच नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटला. जे काम करायला पुण्यातली निम्मी पोरं जिवाचा आटापिटा करून इकडे येतात, तेच काम करायला आमचा चिरंजीव तिकडे गेला. मग लग्न झालं. मग माझ्या नवऱ्याची बायपास झाली आणि मुलाला अचानक आठवलं की आपले आईवडील म्हातारे होताहेत. "आम्ही दोघं तिकडे येतो," म्हणाला. बायकोच्या व्हिसाचा अर्ज त्यानं पुण्यातूनच केला.

अर्जाची पहिली पायरी पार पडली. दुसऱ्या पायरीला, बायकोला पोसायची ऐपत आपल्याला आहे असं सरकारला लिहून द्यायचं होतं. रविवारी सकाळी आमचे पोहे चालले असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, एक छोटासा प्रॉब्लेम आहे. स्पॉन्सर म्हणून मला माझे टॅक्स रिटर्न जोडायचेत."

"मग जोड."

"ते नाहीयेत."

"हरवले का?"

"भरलेच नाहीत."

माझ्या नवऱ्यानं चमचा खाली ठेवला. आयुष्यभर सरकारी नोकरीत त्यानं पुलांची तपासणी केली. पुलाला तडा दिसला की हा माणूस आधी एकदम शांत होतो. "कुठल्या वर्षाचे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे... इथं आल्यापासूनचे. पण बाबा, मी अमेरिकेत एक डॉलरसुद्धा कमावलेला नाही! इंडियात टॅक्स भरतोय की मी, दरवर्षी, वेळेवर. डबल कशाला भरायचा?"

"भरायचा नसतो, कळवायचा असतो. अमेरिकन नागरिक चंद्रावर राहायला गेला तरी त्याला रिटर्न भरावा लागतो."

"दॅट्स क्रेझी, यार," मुलगा म्हणाला. बापाला 'यार' म्हणण्याची ही वेळ नव्हती.

मला विचाराल तर हा देश या एका बाबतीत अगदी आपल्याकडच्या आईसारखा आहे. मुलगा जगाच्या पाठीवर कुठेही राहो, किती कमावतोस ते घरी कळवलंच पाहिजे. पैसे पाठवू नकोस एक वेळ, पण कळव. आमच्या मुलानं मला दर आठवड्याला फोन केला, अमेरिकेला मात्र इतक्या वर्षांत एकदाही नाही. तेव्हा ती रुसली यात नवल काय?

पुढचे काही दिवस नवऱ्यानं इंटरनेटवर काढले आणि मुलाला तुरुंगवास होणार अशा निष्कर्षाला आला. शेवटी मीच शेजारच्या गावातल्या एका अकाउंटंट बाईंची वेळ घेतली. मुलगा पुण्याहून कॉलवर, आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसल्या. म्हणाल्या, बाहेरदेशी राहणारी अशी विसरभोळी माणसं त्यांच्याकडे नेहमी येतात, आणि त्यांच्यासाठी सरकारनं एक सोयही केली आहे. मागच्या तीन वर्षांचे रिटर्न भरा, परदेशातली बँक खाती कळवा, आणि हे मुद्दाम केलं नाही असं स्वतःच्या शब्दांत लिहून द्या. परदेशातल्या पगाराला मोठी सूट असते, त्यामुळे टॅक्स बहुधा शून्य निघेल.

"शून्य?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. एवढी रात्रंदिवस चिंता केली, तिचं काहीच चीज झालं नाही.

मग अज्ञानाचा निबंध सुरू झाला. मुलानं पहिला मसुदा पाठवला. त्यात परदेशी राहणाऱ्या नागरिकांपर्यंत माहिती पोचवण्यात सरकार कसं कमी पडतं, यावर एक भला मोठा परिच्छेद होता.

"हा सरकारलाच अक्कल शिकवतोय," नवरा म्हणाला. "अरे, मी मूर्ख आहे, एवढं साधं लिही ना."

"बाबा, 'हेतुपुरस्सर नाही' असं लिहायचंय. मूर्ख असं नाही."

"फरक काय?"

दोन इंजिनिअर, एक मुलगा आणि एक बाप, आपल्या घराण्यात टॅक्सबद्दल किती अज्ञान आहे हे नेमक्या शब्दांत मांडायला आठवडाभर भांडत होते. माझ्या शिक्षणाचा खर्च वाया गेला, असं माझ्या आईवडिलांना कधी वाटलं नसेल. मला मात्र त्या आठवड्यात माझ्या मुलाच्या बाबतीत ते रोज वाटत होतं.

शेवटचा मसुदा वाचताना अकाउंटंट बाईंनी सहज विचारलं, "याचे वडील इतके काटेकोर आहेत. त्यांनी याला कधी सांगितलं नव्हतं?"

माझा नवरा दरवर्षी फेब्रुवारीत स्वतःचा रिटर्न भरतो आणि इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात भेटेल त्याला 'झाला का भरून?' असं विचारतो. हळदीकुंकवालासुद्धा विचारलंय. स्वतःच्या मुलाला तेवढं सांगायचं राहिलं.

"मला वाटलं, त्याला माहीत असेल," तो अगदी हळू म्हणाला.

"इट्स ओके, बाबा," मुलगा म्हणाला. "तसंच लिहू या. वडिलांना वाटलं मला माहीत आहे, आणि मला वाटलं वडील काळजी करतील तेव्हा कळेलच."

बाई म्हणाल्या, हे वाक्य छान आहे, ठेवा.

बँक खात्यांचं प्रकरण मात्र इतक्या प्रेमानं मिटलं नाही. माझी बहीण एकटी असते. आपल्यामागं हाल नकोत म्हणून तिनं आपल्या ठेवींवर आमच्या मुलाचं नाव जोडीनं घातलं होतं. म्हणजे तिचीही खाती कळवणं आलं. तिला हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे.

"माझी एफडी? अमेरिकेला?" ती ओरडली. "अगं, शाळेत चाळीस-चाळीस वह्या तपासून जमवलेत ते पैसे. माझ्या सख्ख्या भावाला मी आकडा सांगितलेला नाही, आणि तुझ्या त्या वॉशिंग्टनला सांगू?"

"ताई, कुणी घेणार नाहीये. नुसतं कळवायचंय."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

दोन दिवसांनी तिनं पासबुकाचे फोटो पाठवले, प्रत्येक फोटोत आकड्यांवर अंगठा. भाच्यानं समोर बसून, तिला बाकरवडी खायला घालून, एकेक अंगठा काढून घेतला. आजही ती सांगते की आपली सगळी माहिती परदेशात गेलेली आहे, आणि फोनवर कुणी अनोळखी माणूस बोलला की मला दोष देते.

रिटर्न गेले. टॅक्स खरंच शून्य निघाला. आता मार्ग मोकळा झाला असं आम्हाला वाटलं, तर नवीनच कळलं: मुलगा पुण्याची नोकरी सोडून येणार, त्यामुळे तिथला पगार ऐपतीत धरत नाहीत. इथल्या कुणीतरी त्याच्या जोडीला हमीच्या करारावर सही करायला हवी होती. माझा नवरा तयार झाला, पण तो न वाचता सही करणारा माणूस नव्हे. विमा पॉलिसीसुद्धा तो शेवटच्या पानापासून वाचतो, कारण त्याच्या मते लबाडी तिथे असते. त्यानं तो करार दोनदा वाचला आणि पुढच्या कॉलला सुनेला समोर बसवलं.

"इथं लिहिलंय की उद्या तुमचा घटस्फोट झाला तरी माझी जबाबदारी संपत नाही," तो म्हणाला. "तुला माहीत असावं म्हणून सांगतो."

ती एकदम ताठ बसली. "मग बाबा, तुम्ही सही नका करू. मी काय कोणाच्या भरवशावर जगून राहिली काय? रोज कोपरापर्यंत हात घालून अडलेल्या म्हशी सोडवते मी. माझ्यापायी तुम्ही कायले अडकता?"

"अगं, तुझी काळजी नाही," नवरा म्हणाला, आणि स्क्रीनवर तिच्या शेजारी चिवडा खात बसलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. "काळजी याची आहे. याला साधा रिटर्न भरायचं लक्षात राहत नाही. उद्या बायको आहे हेच विसरला तर? तेव्हा मी असलेला बरा. कायद्यानं बांधलेला."

"बाबा!" मुलगा म्हणाला.

ती खूप हसली. मग पाणी पिऊन येते म्हणाली आणि बराच वेळ आली नाही. परतली तेव्हा डोळे लाल होते. नवऱ्यानं सर्दी झाली का विचारलं. पुलांच्या बाहेरचं त्याला फारसं दिसत नाही. सही मात्र त्याच दिवशी केली, निळ्या शाईनं, रेघेच्या जरासुद्धा खाली न जाता.

मुलाला आधी एकट्याला यावं लागलं, आपण पुन्हा अमेरिकेत राहायला आलोय हे सिद्ध करायला. त्यानं जवळच्या वुस्टरमध्ये नोकरी धरली आणि शाळेत असतानाच्या खोलीत, शाळेत असतानाच्या पलंगावर तो पाय बाहेर काढून झोपू लागला. सकाळी नागपूरला माहेरी असलेल्या बायकोशी बोलायचा आणि उरलेला दिवस माझ्या स्वयंपाकाची मावशीच्या स्वयंपाकाशी तुलना करायचा. सुनेला लवकर व्हिसा मिळावा म्हणून मी त्या दिवसांत जितकी मनापासून प्रार्थना केली, तितकी स्वतःच्या ग्रीन कार्डासाठीही केली नव्हती.

अखेर मुंबईत तिची मुलाखत झाली. नवऱ्यानं तिला कागदांची जाडजूड फाइल लावून पाठवली होती, रंगीत चिठ्ठ्यांसकट. आतून बाहेर आल्याबरोबर तिनं फोन केला.

"मिळाला, बाबा!"

"रिटर्न बघितले का त्यांनी?"

"नाही न."

"एकाही वर्षाचे?"

"फाइल मागितलीच नाही. आम्ही कसे भेटलो ते विचारलं. मग मी कोणत्या जनावरांची डॉक्टर ते विचारलं. मग त्या ऑफिसर बाई म्हणाल्या, त्यांची मांजर खात नाही. मी म्हटलं, दात बघून घ्या."

नवऱ्यानं अभिनंदन केलं, फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या अंगणात जाऊन विनाकारण पानं गोळा करत बसला.

सून येऊन आता काही महिने झाले. जनावरांची डॉक्टर म्हणून इथं काम करायला तिला सगळ्या परीक्षा नव्यानं द्याव्या लागणार आहेत. नागपूरच्या म्हशी आणि इथल्या गाई आतून फार वेगळ्या असतात, असं इथल्या लोकांचं मत असावं. तोवर ती एका दवाखान्यात मदतनीस म्हणून कुत्र्यांची नखं कापते. मध्ये तिनं गावाबाहेर एक गोठा शोधून काढला. मालकीण म्हातारी आहे, एकटीच सगळं बघते, आणि नुसतं बघायला म्हणून हिला येऊ देते. सुनेला अजून गाडीचं लायसन्स नाही आणि मुलगा शनिवारी उठत नाही, म्हणून नवरा तिला सोडायला गेला. तासाभरात यायचा, तो दुपारी आला. पँट गुडघ्यापर्यंत शेणानं भरलेली.

"गाय व्यायली," तो दारातूनच म्हणाला. "आडवं होतं वासरू. हिनं सांगितलं तसा मी दोर धरला होता."

ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या मुलाचा डायपर बदलला नाही, तो जेवायच्या टेबलावर वासराचा पुढचा पाय कुठे अडकला होता ते हातवारे करून समजावून सांगत होता. सून मध्येमध्ये दुरुस्त्या करत होती. मुलानं वरणाची वाटी उचलली आणि तो मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत जाऊन बसला.