"पण" चपलांजवळ ठेवा

काल जे जे म्हणाले, "शाहीन मॅडम चांगल्या होत्या, पण...", त्यांनी ही पोस्ट वाचू नये.

किंवा वाचाच.

मॅडम काल दुपारी अकोल्यात गेल्या. हार्ट अटॅक.

त्या भेटल्या तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तेल्हाऱ्याजवळचं गाव. रागात ताट फेकायचे, दार लावून घ्यायचे, "मेले तर बरं" म्हणायचे. आणि तसं खरंच वाटायचं.

घरच्यांचं निदान एकच. "नाटकं करून राहिली."

तेव्हा पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या. शहरातून चौकशीच्या गाड्या यायच्या, साहेब मोठ्यांना प्रश्न विचारायचे आणि पोरांना चहा आणायला पिटाळायचे.

मॅडम समुपदेशक, अशाच एका गाडीतून आल्या. माझ्या हातातला कप घेऊन बाजूला ठेवला आणि विचारलं, "बेटा, तुले काय होते?"

त्याआधी कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी तेल्हाऱ्यात आमच्यासारख्या पोरांचा शनिवारचा ग्रुप काढला, तर साहेब म्हणाले, "लोकं मरून राहिले अन् तुमी पोरींचे राग घेऊन बसल्या?"

"त्याच घरातली पोरं आहेत, साहेब."

पहिल्या शनिवारी आई मला दारात सोडून बाजाराकडे निघाली. गावात तिने सांगितलं होतं, टायपिंगचा क्लास आहे.

"ताई, कुठं चालल्या? ॲडमिशन दोघींची आहे."

आई भडकली. "मले काय झालं?"

"काहीच नाही. म्हणून तर बसा."

आम्हाला शिकवायच्या, राग चढला की आधी थंड पाण्यात तोंड, मग बोलणं.

आईबापांना नियम एकच. पोरगं जे बोललं ते आधी त्यालाच परत सांगायचं. सल्ला नंतर. आणि "पण" म्हणायचं नाही.

"'पण' बाहेर ठेवा, ताई. चपलांजवळ. जाताना घेऊन जा."

आई म्हणायची, "समजलं मले, तुले तरास होते, पण आमच्या वेळी..."

"चपला!" आम्ही सगळी पोरं ओरडायचो.

दोन महिने तिला जमलं नाही. मग एका शनिवारी मी म्हणाले, "मले वाटते, मी तुमाले नकोच."

आईने तोंड उघडलं. मिटलं.

"तुले वाटते, तू आमाले नको."

आणि थांबली. पुढे काही नाही. पदर तोंडाला.

येताना एसटीत मी तिच्या खांद्यावर झोपले. मी आज जिवंत आहे ती या एका वाक्यामुळे, हे मी शुद्धीत राहून लिहितेय.

आणि याच ग्रुपला गावाने काय दिलं? "वेड्यांचा क्लास." "बाई पोरींना आईबापाविरुद्ध भडकवते." मंगल कार्यालयाच्या मागे ग्रुप भरायचा ती एक खोली, तिला तीनदा कुलूप लावलं. लावणाऱ्यांच्या स्टेटसला आज मॅडमचा फोटो आहे, मेणबत्तीसकट. लाज?

काल मॅडमच्याच घरी त्यातले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई चांगल्या होत्या, पण पोरं डोक्यावर बसवली. खोलीची चावी देऊन टाक. खुर्च्या ठेवायच्या आहेत तिथं."

जनाजा निघून अर्धा तासही झाला नव्हता.

भिंतीला टेकून मॅडमची आत्ताच्या ग्रुपची नऊ पोरं बसली होती. त्यातल्या एकीने ऐकलं. मुठी आवळून उठली आणि मला विचारलं, "ताई, शनिवारी कुठं जायचं?"

मी शाळेत शिकवते. सहा वर्षं मॅडमच्या हाताखाली आहे. मी मॅडम नाही, तेवढं मला येत नाही. त्यांच्याकडेच शिकलेली एकजण अमरावतीत समुपदेशन करते, तिला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "शनिवारी मी येतो, तू खोली सोडू नको."

चावी दिली नाही. देणार नाही.

ज्याला हवी त्याने शनिवारी अकराला यावं, आणि नऊ पोरं अन् त्यांचे आईबाप बसलेले असताना त्यांच्यासमोर मागावी.

मॅडम, "भावपूर्ण" काही लिहायला आज जमत नाहीये. फार राग आहे.

शनिवारी खोलीत सतरंज्या मी घालते. तुम्ही निवांत जा. खुदा हाफिज.