सात खुर्च्यांचा मुद्देमाल

निवृत्त पोलीस अधिकारी लिहायला बसला की घटना 'आजही आठवते' म्हणून सुरुवात करतो. माझी अडचण उलटी आहे. ही घटना मला आठवावी लागत नाही; दुपारचे साडेबारा वाजले की ती आपोआप समोर येऊन बसते. ताट वाढलेलं असतं, बायको विचारते, "काय झालं, मीठ कमी आहे का?" मी नाही म्हणतो आणि जेवायला लागतो. मेहरूणला घर आहे, सकाळी तलावाला फेरी मारतो, साखर नाही, रक्तदाब नाही. तरी त्या वेळेला घास गोड लागत नाही. का, ते एकदाचं लिहून टाकतो.

जळगावहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावाच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी डायरी बघत होतो, तेवढ्यात एका संस्थेचे सचिव घरफोडीची फिर्याद घेऊन आले. या संस्थेचं अपंग मुलांसाठी दिवसाचं केंद्र होतं. सकाळी गाडी मुलांना घरून आणायची, मावश्या जेवू घालायच्या, जळगावच्या एक ताई आठवड्याला येऊन व्यायाम शिकवायच्या. हे सगळं संस्थेला मुलामागे मिळणाऱ्या अनुदानावर चाले. मग नियम बदलला. मदत आता संस्थेला नाही, थेट पालकांच्या खात्यात. ऐकायला चांगलंच वाटतं, मलाही तेव्हा वाटलं होतं. पण खात्यात जे येई त्यात एकट्या घराला ना गाडी परवडे ना बाई, आणि सगळ्यांनी मिळून ज्याच्याकडे जावं ते केंद्र तर बंद पडलेलं. कुलूप लागून चार महिने झाले होते.

मी घटनास्थळी गेलो आणि चक्रावलो. कुलूप शाबूत. चोराने दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले होते, काम झाल्यावर दार परत जागेवर उभं केलं होतं आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून कडी सुतळीने बांधली होती. पंखे जागेवर, टीव्ही जागेवर, गॅसची टाकी जागेवर. गेल्या होत्या फक्त सात लाकडी खुर्च्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पंखा सोडून खुर्ची नेणारा चोर पाहिला नव्हता.

भिंतीवर मुलांचे फोटो होते, प्रत्येकजण आपापल्या खुर्चीत. एका खुर्चीची पाठ तिरपी, एकीचा डावा हात उंच, एकीला पायांमध्ये लाकडी ठोकळा. कुठल्याही दोन खुर्च्या सारख्या नव्हत्या.

खबर मिळाली ती बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून. "साहेब, शनवारना बाजारले एक टेम्पो पाह्या मी. खाले केळीना पानं आथरेल आनि वर लहान लहान खुर्च्या. आख्खं गाव बाजारमा, नि हाऊ टेम्पो निंघना." केळीची पानं ऐकून मला पहिली शंका आली. चोरीचा माल ओरखडा पडू नये म्हणून पानांवर ठेवणारा माणूस विकायला नेत नसतो.

मग मी धरणगावकडच्या एका खेड्यातल्या सुताराला बोलावलं. या खुर्च्या त्यानेच केल्या होत्या. सगळे त्याला आबा म्हणत. फोटो टेबलावर मांडले तसा म्हातारा खुलला. ठाण्यात आलोय हे विसरून एकेका खुर्चीवर बोट ठेवून सांगायला लागला, "हाई तिरपी शे ना, ती त्या टेम्पोवालानी पोरनी. तिनी मान उजवीकडे पडस, म्हनीसन आठे उशी दिधी." सातही मुलांची नावं, गावं त्याने घडाघडा सांगितली. जाता जाता म्हणाला, "लाकूड बठ्ठं पोरेसना घरना लोकेसनंच शे, साहेब. कोनी खाटना पाय आना, कोनी जुना गाडानी फळी आनी. संस्थानी फक्त मनी मजुरी दिधी."

हे शेवटचं वाक्य मी जबाबात घेतलं नाही. मला खुर्च्यांची ओळख पटवायची होती, ती पटली होती. जबाब असाच लिहितात. साक्षीदार खूप बोलतो, आपण कामाचं तेवढं घेतो. आबाचा अंगठा घेतला आणि त्याला चहा पाजून लावून दिलं.

टेम्पोवाला केळी वाहणारा साधा माणूस होता. मी आवाज चढवायची तयारी करून बसलो होतो, पण त्याने ती संधीच दिली नाही.

"खुर्च्या कोणी नेल्या?"

"आम्हीच लई गऊत, साहेब. आम्ही चार बाप."

"का?"

"पोर उपाशी ऱ्हास. आडवं धरीसन खावाडं ते घास छातीमा जास. ती खुर्चीमा बसनी तेच तिले गियता येस."

"संस्थेकडे मागायच्या होत्या."

"तीनदा मांग्यात. सचिव बोलनात, सामाननी यादी जिल्हाले गयी, आते चमचा बी देता येत नही."

मी म्हणालो, हे कोर्टात सांग. त्या वेळी मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. तीन दिवसांत गुन्हा उघड, शंभर टक्के माल हस्तगत. पंच घेऊन घरोघरी गेलो. एकाही घराने खुर्ची लपवली नव्हती. लपवणार तरी कधी, खुर्ची रिकामीच नव्हती. सात घरांत सात मुलं उचलून बाजूला ठेवायला लावली आणि सात खुर्च्या जप्त केल्या. टेम्पोवाल्याच्या घरी पंचनामा मी स्वतः लिहिला: 'एक लाकडी खुर्ची, पाठ तिरपी, मानेस उशी, एक चामडी पट्टा, त्यास चार छिद्रे.' मुलगी नऊ वर्षांची होती. तिला आपण चिमी म्हणू. खाली सतरंजीवर ठेवल्यावर तिची मान उजवीकडे गेली आणि ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर खुर्च्या दोन रांगांत मांडून फोटो काढला. मागे आम्ही सगळे, मधोमध मी. वर्तमानपत्रात छापून आला. चौघा बापांना कोर्टात उभं केलं, त्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. खुर्च्यांना जामीन नव्हता. लेबलं बांधून, लाखेचं सील मारून त्या मुद्देमालाच्या खोलीत गेल्या आणि मी दुसऱ्या कामांना लागलो.

मुद्देमालाची खोली एका जुन्या हवालदाराकडे होती. त्यांना सगळं ठाणं नाना म्हणे. नानांच्या नोंदी इतक्या चोख की वरिष्ठांची तपासणी आली की मी निर्धास्त असायचो. बारा-तेरा दिवसांनी एका बंदोबस्तातून मी ठरल्यापेक्षा लवकर परतलो. साडेबारा वाजले होते. मागच्या व्हरांड्यात पाहतो तर चिमी तिच्या खुर्चीत बसलेली. लाखेचं सील आणि गुन्ह्याचा नंबर असलेलं लेबल तिच्या कानाशी लोंबतंय आणि तिची आई तिला वरण-भात कुस्करून भरवतेय. शेजारी नाना पाण्याचा तांब्या घेऊन उभे.

मी नानांना आत घेतलं आणि फैलावर घेतलं. "मुद्देमाल बाहेर काढायची परवानगी कोणाची? उद्या बचावाच्या वकिलाला कळलं तर माझी नोकरी जाईल की तुमची?"

नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, बाई पहिल्या दिवशी आली तेव्हा तुम्ही जळगावला मीटिंगला होता. म्हणाली, खुर्ची देऊ नका, आठेच राहू द्या, पोरले बसाडीसन जेवाडसू नि चालनी जासू. रोज एस.टी.ने येते. सकाळ-संध्याकाळ पोरीला पेज-दूध चमच्याने, पोटभर ही एकच वेळ. स्टेशन डायरीला नोंद घेतलेली नाही. घ्यायची असेल तर घेतो. काय लिहू ते सांगा."

असलं काही डायरीत लिहिता येत नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून मी आणखी चिडलो. उद्यापासून हे बंद, आणि आज खुर्ची आत गेली की खोलीची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, असं मी सांगितलं. जिना चढून जाईपर्यंत आईचा आवाज कानावर येत होता, ती चिमीला एकेक घास नाव घेऊन भरवत होती, काऊचा, चिऊचा.

दुसऱ्या दिवशी ती आलीच. आदल्या दिवशी तिला सांगायला नानांची जीभ रेटली नव्हती. नानांनी तिला फाटकाशीच थांबवलं. माझ्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. परत घरी जायचं तर तासभर एस.टी., आणि पोर तर भुकेने हात-पाय झाडत होती. बाई फाटकाजवळच्या लिंबाखाली बसली. एका हाताने तिने पोरीला छातीशी उभं धरलं, दुसऱ्या हाताने डबा उघडला. दोन घास गेले. तिसऱ्याला चिमीची मान घसरली. खोकला आला, मग खोकलाही थांबला. ओठ काळेनिळे पडायला लागले. आईने मारलेली हाक अजून माझ्या कानात आहे. ती मदतीची हाक नव्हती, ती नुसतं पोरीचं नाव घेत होती.

नाना माझ्या आधी धावले. या वयातही त्यांनी पोरीला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, घास पडला, श्वास आला. ठाण्याच्या जीपने ग्रामीण रुग्णालय, तिथून जळगाव. तरी घासाचा काही भाग छातीत गेला होता. आठ दिवस ती ऑक्सिजनवर होती. त्या आठ दिवसांत मी धड कुठे बसलो नाही. फायली उघडायचो, मिटायचो. ड्रॉवरमधली किल्ली दिसली की ड्रॉवर बंद करायचो. मी चोर पकडला नव्हता, मी एका पोरीची मान काढून घेतली होती आणि वर तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला होता.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत येताना जीपमध्ये नाना म्हणाले, "ते सुतार आबा ठाण्यातून जाताना लाकडाचं काहीतरी म्हणत होते ना, साहेब?" मी ड्रायव्हरला गाडी तशीच धरणगावच्या रस्त्याला घ्यायला लावली. आबाचा पुरवणी जबाब त्याच्या दारात बसून घेतला, या वेळी शब्दन् शब्द. कोणाच्या खाटेचा पाय, कोणाच्या गाड्याची फळी, सगळं. मग सचिवांना बोलावलं. लाकूड घेतल्याची संस्थेकडे एक पावती नव्हती. तेही त्यांनी लेखी दिलं. बिचारे यादीला घाबरलेले होते, एवढंच. लाकूड ज्याचं त्याने नेलं, तर चोरी कसली? मी कोर्टात अहवाल दिला की गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, खुर्च्या सुपूर्दनाम्यावर पालकांना द्याव्यात. वरिष्ठांनी विचारलं, हे आधी का नाही कळलं? मी सांगितलं, कळलं होतं, लिहिलं नव्हतं. त्याबद्दल सेवापुस्तकात ताशेरा आला. तो मला कमीच वाटला.

कोर्टाचा आदेश आला त्या दिवशी सातही घरची माणसं ठाण्यात जमली. चिमीची आई तिला घेऊन आली. दवाखान्याने पोर पार वाळली होती. खुर्चीत बसवलं, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला, तरी ती पुढे घसरायची. आईने इकडेतिकडे पाहिलं. नानांनी टेबलावरचं दाभण आणलं. आम्ही ज्याने केसचे कागद शिवतो तेच. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पट्ट्यावर चौथ्या भोकाच्या पुढे टोक टेकवलं.

"आजून आत, साहेब," आई म्हणाली.

मी टोक सरकवलं.

"आजून आत."

तिने पट्टा चिमीच्या छातीभोवती धरून जागा दाखवली. ती जागा चौथ्या भोकापासून माझ्या चार बोटांएवढी आत होती. भोक पाडलं, पट्टा लागला, मान उशीवर टेकली. बाई माझे आभार मानायला थांबली नाही. तिने डबा उघडला.

नाना सुपूर्दनामा लिहीत होते. पेन थांबवून म्हणाले, "साहेब, पंचनाम्यात छिद्रं चार आहेत. आता पाच झाली. काय लिहू?"

"पाच लिहा," मी म्हणालो. "आणि पाचवं मी पाडलं, तेही लिहा."

केंद्र अजून बंदच आहे. मदत अजून खात्यात येते, आणि त्या मुलांच्या आया अजून विचारतात की या पैशांत गाडी कोणत्या गावाहून येणार. मला माझ्या कामाचं तेवढं कळतं: साक्षीदार जाता जाता जे बोलतो ते लिहून घ्यायचं, विशेषतः ते आपल्या केसला नको असेल तेव्हा. नव्या फौजदारांना मी हे सांगतो. ते मान डोलावतात आणि घड्याळ बघतात.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला तो वर्तमानपत्रातला फोटो मोठा करून, चौकट लावून भेट दिला. त्यांना वाटलं, साहेबांची गाजलेली केस. तो जेवणाच्या खोलीत आहे. बायकोने दोनदा काढायला लावला, मी दोनदा परत लावला. पहिल्या रांगेतली डावीकडून तिसरी खुर्ची चिमीची. मोठा केल्यामुळे पट्टा स्पष्ट दिसतो, त्याची भोकंही दिसतात. चार आहेत. दुपारी जेवायला बसलो की मी ती मोजतो, आणि मगच पहिला घास घेतो.