वच्छलाबाईची लाखोळी

नागभीडकडच्या त्या गावात वच्छलाबाईच्या श्रावणला पळताना पाहिलं नाही असा माणूस नव्हता. रुळाच्या कडेकडेनं सकाळी सहा मैल जायचा, सहा मैल यायचा, आणि वर आईसोबत शेतात कामाला उभा. नवरा गेल्यावर बाईनं या एकाच पोराकडे पाहून दिवस काढले. चौऱ्याऐंशी साली तो जिल्ह्याच्या शर्यतीत पहिला आला, तेव्हा तर बाईचे पाय जमिनीला लागेनात.

शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी, दादाजींनी, तिला सांगून ठेवलं होतं, की पुढच्या दिवाळीनंतर पुण्याला राज्याची शर्यत आहे, पहिल्या तिघांत आला तर रेल्वेची नोकरी पक्की. होळीच्या सुमारास त्यांनी नागपुराहून गोळ्यांची बाटली आणली. अमायनो ॲसिडच्या गोळ्या. ॲसिड म्हटल्यावर बाई हादरलीच. पोराला काय चारता मास्तर, म्हणून भांडायला उठली. मास्तर हसले. डाळीत जे सत्त्व असतं तेच यात काढून भरलंय, पळून झिजलेलं मांस त्यानं भरून येतं, असं त्यांनी समजावलं. बाटली महिनाभर पुरली. श्रावण म्हणायचा, पाय हलके वाटतात. खरं का खोटं, त्याचं त्याला ठाऊक. दुसरी बाटली काही मिळाली नाही. मास्तर म्हणाले, हरकत नाही, पोराला डाळ भरपूर द्या.

बस्स, एवढंच. भला माणूस, कोणती डाळ ते सांगायचं त्याला सुचलं नाही, आणि बाईला विचारायचं सुचलं नाही.

घरात तूर कुठली? धान कापायच्या आधी शेताच्या बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकायची, ती ओलीवर आपोआप उगवायची. तिची कणगी भरलेली होती. बाजारात विकायला सरकारची बंदी, पण घरचं खायला कोण अडवतं! मग सुरू झालं. सकाळी लाखोळीच्या घुगऱ्या, दुपारी लाखोळीची भाकर नि वरण, संध्याकाळी पुन्हा वरण आणि वडे. स्वतः बाई तांदळाची पेज पिऊन राहायची, डाळ सगळी त्याच्या ताटात.

शेजारची म्हातारी गुणाबाई एकदा बोललीसुद्धा, लाखोळी एवढी नको देऊ, तिनं माणसाचे पाय जातात. वच्छलाबाई तिच्यावर तुटून पडली. माझ्या पोराचं चांगलं तुला पाहवत नाही, म्हणाली. श्रावणही कंटाळला होता, ताट सरकवून द्यायचा. मग बाई शेजारी बसून घास भरवायची, वीस वर्षांच्या घोड्याला!

"खा रे बापा. तुह्या पायासाठीच देऊन राह्यली मी."

आईपुढं त्याचं काही चालत नसे. खायचा.

पोळ्याच्या आसपास त्याच्या पोटऱ्या ओढायला लागल्या. बाईला वाटलं, धानाच्या रोवणीचा शीण असेल. तेल चोळलं, आणि वरणाची एक वाटी वाढवली. काय म्हणावं या मायेला! पंधरा दिवसांत टाचा उचलल्या गेल्या, पोरगं चवड्यावर चालू लागलं. मग पाय कैचीसारखे एकमेकांत अडकायला लागले. दसऱ्याला हातात काठी आली.

मास्तरांनी दोघांना चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी पाय ठोकून पाहिले, काय काय खातो, कोणत्या गोळ्या घेतल्या ते विचारलं आणि हातातला कागद खाली ठेवला. गोळ्यांत होती त्याच जातीची एक वस्तू लाखोळीतही असते, त्या म्हणाल्या, पण ती मांस भरत नाही, पायांच्या नसा मारते. आजपासून बंद करा. पुढं वाढणार नाही. गेलं ते मात्र परत यायचं नाही.

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, एवढी लाखोळी याला दिली कोणी?

वच्छलाबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात श्रावणनं तिचं मनगट धरलं.

"मीच मांगून खात होतो बाई. माय तं नाईच म्हणे."

जन्मात खोटं न बोललेलं पोरगं ते. वच्छलाबाईला ओरडून सांगायचं होतं, की नाही हो, मीच कोंबली याच्या घशात. पण त्यानं मनगट सोडलं नाही. गावात लोक विचारायला आले, तेव्हाही त्यानं तेच सांगितलं, एकेकाला, न चुकता. तो सांगत असताना वच्छलाबाई मान खाली घालून बसायची. खरं बोलली असती तर पोरगं चारचौघांत खोटं पडलं असतं, आणि आईला देण्यासारखं त्याच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.