एका क्रेडिटची विचारपूस

टेलिफोन ऑफिसात मावशींनी उभी हयात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवली. निवृत्तीनंतर नवरा गेला, मुलगा परदेशात रमला, आणि बाईंना पदवीची राहून गेलेली हौस आठवली. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांना मावशी करून टाकलं. नंतर मात्र बोलायचं राहूनच गेलं.

बोलणं व्हायचं ते बुधवारी, संभाषण कौशल्याच्या तासाला. खुर्च्या गोल मांडायच्या आणि शेजाऱ्याला विचारायचं, "आज दिवस कसा गेला?" शेजाऱ्याने सविस्तर सांगायचं. अभ्यासक्रमातच होतं, त्यामुळे कुणाचा इलाज नव्हता. मावशी आदल्या दिवसापासून उत्तराच्या तयारीला लागत. दूध उतू गेलं तरी त्यांना बरं वाटे; सांगण्यासारखं काही घडलं.

त्यांनी बेताने दोनच विषय घेतले होते. सहामाहीत संभाषणात दहापैकी दहा गुण पडले, संख्याशास्त्रात चार. वर्षअखेर सरासरी सहाच्या खाली राहिली की पुढच्या वर्षाला प्रवेश नाही. मावशींनी दहात चार मिळवले, दोनने भागले, सात आले. निर्धास्त झाल्या.

"असं नसतं हो मावशी," शेजारच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "संख्याशास्त्र चार क्रेडिटचं, म्हणजे ते चारदा मोजायचं. संभाषण एक क्रेडिटचं, ते एकदाच. सोळा आणि दहा सव्वीस, भागिले पाच. पाच पूर्णांक दोन. आपटलात."

"इतकं बोलते मी, त्याचं वजन एवढंच?"

"कॉलेजने ठरवलंय, मी नाही. बुधवारी त्याच वेळी संख्याशास्त्राचा जादा तास असतो, तिकडे बसा. हजेरी बुडली की संभाषणाचे दोन जातील, जाऊ देत. इकडे चाराचे सहा करा. चोवीस आणि आठ बत्तीस. सहा पूर्णांक चार. सुटलात."

मावशींनी हिशेबात खोट काढायचा प्रयत्न केला. सापडली नाही.

जादा तासाला खुर्च्या एकामागे एक होत्या आणि सर फळ्याशी बोलत. मावशींनी सवयीने शेजारच्या दाढीवाल्याला विचारलं, "आज दिवस कसा गेला?"

त्याने कानातला इअरफोन काढला. "काय म्हणालात?"

"काही नाही. पेन्सिल आहे का जास्तीची?"

पेन्सिल मिळाली.

निकालात सहा पूर्णांक चार आले, ठरल्याप्रमाणे. चष्मेवालीने लांबूनच अंगठा दाखवला. पुढच्या वर्षाला संभाषण हा विषय नाही, हे मावशींनी आधीच बघून ठेवलं होतं.

घरी येऊन त्यांनी दूध तापत ठेवलं आणि समोर उभ्या राहिल्या. आता ते उतू जाऊन काही उपयोग नव्हता.