नवव्या भागाचं परीक्षण

माझ्या दादाचे डोळे गेलेत हे त्याच्या ऑफिसात कोणाला म्हणजे कोणालाच ठाऊक नव्हतं. सांगायचं नाही, असा मला सक्त हुकूम होता. सत्तावीस वर्षं त्याने एका दैनिकात मुद्रितं तपासली, लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांना सळो की पळो करून सोडलं. आणि काचबिंदूने त्याचीच नजर आधी कडेकडेने खाल्ली, मग मधली. एकदा पहिल्या पानाच्या मथळ्यात ढळढळीत चूक राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने पाठदुखीचं कारण पुढे करून राजीनामा दिला.

संपादक चांगला माणूस. ते म्हणाले, "पाठीचं समजू शकतो. पण टीव्हीवरच्या मालिकेचं तुमचं ते दर शनिवारचं परीक्षण तेवढं सोडू नका. घरी बसून लिहा." त्यांना काय कल्पना! दादाही हो म्हणून बसला आणि घरी येऊन मला म्हणाला, "चिमे, आता तू बघायचंस आणि मी लिहायचं."

दादाने लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही, म्हणून आम्ही दोघं एका घरात. मी बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र घालून बसते. पडदे, अभ्रे, कोणाचा गणवेश आखूड करून दे, असलं काम. टीव्ही बघायची हौस मला कधीच नव्हती. त्यात ही मालिका म्हणजे डोक्याला ताप. नाव 'अकरा जागा'. कुठल्याशा मेलेल्या ग्रहावर एक तळ आहे, तळावर बारा माणसं अडकलीत. वर्षभराने त्यांना न्यायला यान येणार आहे, पण त्यात जागा आहेत अकराच. झालं! तेव्हापासून जो तो दुसऱ्याच्या वाईटावर. बाहेर पडावं तर हवा नाही. दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता हे लचांड लागायचं आणि शुक्रवारी सकाळी दहाला तेच पुन्हा.

आमची पद्धत ठरलेली होती. गुरुवारी दादा नुसता ऐकायचा. मी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शुक्रवारी पुन्हा लागलं की मी चित्र सांगायचं. मग तो तोंडी सांगणार, मी लिहून काढणार आणि बाराच्या आत कागद ऑफिसात पोचवणार. शनिवारी छापून यायचं.

सुरुवातीला आमची दर शुक्रवारी जुंपायची. मी म्हणायची, "ती बाई रडवेली झालीय." तो खेकसायचा, "रडवेली नको सांगूस. चेहऱ्याचं काय झालं ते सांग. तुझं मत तुझ्यापाशी ठेव, मला चित्र दे." आता एवढ्या भराभर पळणाऱ्या चित्राचं काय काय सांगणार? एकदा मी वैतागून म्हटलं, "डोक्यावर पालथं पातेलं घातलेला एक बाप्या आलाय." दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. ते पातेलं त्याने जसंच्या तसं परीक्षणात घातलं. लोकांनी पत्रं पाठवली, वा, काय नजर आहे म्हणून! नजर माझी, नाव त्याचं. मी तोंडावर बोलूनही दाखवलं. पण मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

कारण आठवड्यातले बाकीचे पाच दिवस तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. आंघोळीला ऊठ म्हटलं तर "कशासाठी?" जेव म्हटलं तर "नंतर." गुरुवार उजाडला की मात्र दाढी करायचा, स्वतःच्या हाताने, चाचपून चाचपून. खरं सांगते, त्या चार परिच्छेदांवर तो जगत होता. ते बंद झाले तर हा उठायचाच नाही, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

त्या बारा जणांत एक म्हातारा होता. तळावरच्या हवेचे काटे वाचायचं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला काटेवाले आजोबा म्हणायचे. सातव्या भागात कळलं की आजोबांना दिसतच नाही. इतके दिवस ते अंदाजाने, यंत्राच्या आवाजावरून आकडे सांगत होते. मी चित्र सांगता सांगता अडखळले. दादा म्हणाला, "थांबलीस का? सांग की." त्या आठवड्यात त्याने आजोबांवर दीड पान लिहिलं. एरवी त्याला त्या मालिकेत शंभर खोडी दिसायच्या, पण म्हाताऱ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. आठव्या भागात बाकीच्यांना ते समजलं. त्या तळावर एक डॉक्टर मुलगी होती, आजोबांनीच लहानाची मोठी केलेली. तीच काय ती त्यांच्या बाजूने बोलली.

मग आला नववा भाग.

गुरुवारी शेवटची बारा मिनिटं कोणी काही बोललंच नाही. पावलं, श्वास, एक दार, वाऱ्यासारखा आवाज, मग काही नाही. दादा खुर्चीच्या टोकाशी येऊन बसला होता. मला मात्र दिसत होतं. ती डॉक्टर मुलगी आजोबांचा हात धरते. आजोबांना वाटतं, जेवायच्या खोलीत नेतेय. ते आपले लेकराच्या मागे चालावं तसे निर्धास्त चालतात. ती त्यांना बाहेरच्या दारापाशी आणते, हात सोडते आणि दार लावते. आजोबा बाहेर हात पुढे करून तिला शोधत राहतात. बास, एवढंच. रात्री मी जेवले नाही. दादाने विचारलं तर ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

शुक्रवारी दहा वाजता पुन्हा लागलं. ती बारा मिनिटं आली. दादा म्हणाला, "हं, चिमे, आता नीट सांग. हळूहळू सांग."

आणि मी सांगितलं, ती आजोबांचा हात धरते. त्यांना जेवायच्या खोलीत नेते. सगळे बसलेत. कोणीतरी खुर्ची ओढून देतं. ते दार म्हणजे त्या खोलीचं दार. आजोबा बसतात.

"आणि मुलगी?"

"शेजारी बसलीय. हात सोडला नाही तिने."

मेली माझी जीभ! पुढच्या गुरुवारी सगळं उघडं पडणार, एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण त्या घटकेला मला दादाचं तोंड तेवढं दिसत होतं. पुढचं पुढे बघू म्हटलं.

दादाने त्या दिवशी जे लिहिलं तसं त्याने जन्मात लिहिलं नव्हतं. एकही शब्द खोडायला लावला नाही. एका आंधळ्या म्हाताऱ्याला पंगतीत बसवायला या दिग्दर्शकाने बारा मिनिटं दिली, एक अक्षर न बोलता, माणसाला ओझं मानायचं नाकारणारी मालिका मी पहिल्यांदा पाहिली, असं त्याने लिहिलं. मी लिहून घेतलं. कागद फाडून टाकावा, असं दोनदा मनात आलं. वाटेत कचऱ्याचा डबाही होता. नाही फाडला. नेऊन दिला.

शनिवारी ऑफिसचा फोन वाजायचा थांबेना म्हणे. लोकांनी अक्षरशः टर उडवली. परीक्षक झोपा काढतात का, न बघता लिहितात का! सोमवारी संपादक स्वतः घरी आले. मी चहाचं आधण ठेवलं, पण माझे कान बाहेर.

"मी प्रत्येक भाग दोनदा पाहतो," दादा ताठ्यात सांगत होता.

"मग तो म्हातारा कुठे आहे?"

"जेवायच्या टेबलाशी."

संपादकांनी खिशातून एक पत्र काढलं. "हे वाचा." दादाने पत्र घेतलं, डोळ्यांसमोर धरलं, वाचतोय अशी मान हलवली. कागदाची कोरी बाजू त्याच्याकडे होती. संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला मान खाली घालण्यावाचून काही सुचलं नाही.

त्यांनी पत्र हळूच काढून घेतलं. म्हणाले, "आता विश्रांती घ्या. या शनिवारपासून सदर दुसऱ्या कोणाला देतो." चहा न घेताच गेले.

जिन्यावरची पावलं थांबली. दादा म्हणाला, "खरं काय झालं त्या म्हाताऱ्याचं?"

मी सगळं सांगितलं. हात धरल्यापासून दार लागेपर्यंत. मी ओक्साबोक्शी रडत होते आणि तो कोरडा ठक्क.

"आधीच्या आठ भागांत काय काय बदललंस?"

"काही नाही रे दादा! तुझी शपथ! एवढं एकच."

"कशावरून?"

आठ भाग त्याने माझ्याच तोंडून पाहिले होते. तो उठला, चाचपत आतल्या खोलीत गेला आणि दाराला आतून कडी लावली.

दोन दिवस त्याने माझ्याशी कामापुरतंही बोलणं ठेवलं नाही. ताटात काय वाढलंय ते मी सांगायची, तो बोट लावून बघायचा आणि मग खायचा. किती वाजले ते मी सांगितलं तरी रेडिओ लावून खात्री करून घ्यायचा. भांडला असता, दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. माझाही पारा चढला एकदा. ओरडले, "अरे, तुझ्यासाठीच केलं ना!" तो म्हणाला, "त्या डॉक्टर मुलीलाही तसंच वाटत असेल. ती अकरा माणसांसाठी करत होती, तू एकासाठी."

गुरुवारी सकाळी त्याने दाढी केली. माझा जीव भांड्यात पडला. म्हणाला, ऑफिसात जायचंय, वाचकांची माफी मागणारी चार ओळींची चौकट तोंडी सांगून यायची. मी म्हटलं, मी लिहून नेते की. "नको. तिथे कोणीतरी लिहून घेईल," तो म्हणाला, आणि मी समजले. पण एकट्याला कसं सोडणार? गेले बरोबर. वाटेत त्याने माझा हात धरला नाही. काठीने फुटपाथची कड ठोकत चालला होता, मी एक पाऊल मागे.

ऑफिसच्या समोरचा रस्ता रुंद आहे, गाड्या सुसाट येतात. आम्ही कडेला थांबलो. एक ट्रक गेला, दोन मोटारी गेल्या, मग अगदी लांबपर्यंत काही नाही. मी हात पुढे केला, त्याच्या बोटांना लावला. "चल दादा. रस्ता मोकळा आहे."

त्याने पाऊल उचललं नाही. हात मागे घेतला. मी पुन्हा म्हटलं, "दादा, खरंच मोकळा आहे रे." तो तसाच, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा. तेवढ्यात आमच्याजवळ भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस येऊन थांबला. ओळख ना देख. दादाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"अहो, रस्ता मोकळा आहे का?"

"हो, मोकळा आहे," तो माणूस म्हणाला. "चला, मी नेतो."

दादाने त्याचा दंड धरला आणि त्याच्याबरोबर निघाला. निर्धास्त, भराभर. मी अलीकडेच उभी राहिले. रस्ता मोकळाच होता.