गोळीवर आमसूल

"मॅडम, त्या गोळीवर आमसुलाचं पाणी दिलं तर चालतं का?"

फोनवर सकाळच्या पेशंटची, शिवकन्याची आई होती. आवाज एकदम बारीक, शेजारच्या खोलीत कुणाला ऐकू जाऊ नये असा. माझ्या खुर्चीवर एक रिटायर्ड हेडमास्तर तोंड उघडून पडलेले. माझ्या दोन्ही हातांत ग्लोव्ह, म्हणून असिस्टंट फोन माझ्या कानाला लावून उभी.

मी नांदेडात दातांची डॉक्टर आहे. गोळीवर चहा चालतो का, केळं चालतं का, उपास चालतो का, रात्री थोडी 'घेतली' तर चालते का, हे सगळं लोकांनी मला विचारून झालंय. आमसूल मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"आमसूल कशाला?"

"तसंच. ऊन लई हाय ना."

"शिवकन्यानं गोळी घेतली?"

"हाव. जेवली आन् घेतली."

"मग आमसूल कशाला देताय? खरं सांगा."

तिनं आवाज आणखी बारीक केला. मग म्हणाली, "तसं काही न्हाई. जरा पित्त उठून राहिलंय अंगावर."

मी मिरर ट्रेमध्ये टाकला.

आता आधी सकाळचं सांगते, म्हणजे माझा पारा का चढला ते कळेल. अर्धापूरहून तिघी आल्या होत्या. शिवकन्या, तिची आई आणि होणारी सासू. नांदेडला बस्ता बांधायला आलेल्या. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं एकाच दुकानात बसून घ्यायची. त्याला दोन्हीकडची माणसं लागतातच. आणि नेमकी त्याच दिवशी पोरीची अक्कलदाढ उठली. गाल सुजलेला, अंगात कसकस, तोंड धड उघडेना. अक्कलदाढ कधी कधी अर्धीच वर येते. वर हिरडीची टोपी राहते, टोपीखाली घास अडकतो, पू धरतो. असल्या सुजेत आम्ही दाढ लगेच काढत नाही. आधी तिथलं साफ करायचं, ताप-सूज असेल तर अँटिबायोटिक द्यायचं, सूज उतरली की मग दाढ.

मी अमॉक्सिसिलिन द्यायचं ठरवलं. पेनिसिलिनच्या घराण्यातली कॅप्सूल. जुनं, खात्रीचं औषध. बहुतेकांना काही होत नाही. पण थोड्या माणसांचं शरीर त्याला दुश्मन समजतं आणि मग जे होतं ते जिवावर बेततं. म्हणून लिहायच्या आधी विचारायचं असतं. मी विचारलं.

"कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? एखाद्या गोळीनं कधी अंगावर उठलं, ओठ सुजले, दम लागला, असं काही?"

पोरीला बोलता येत नव्हतं म्हणून उत्तरं आई देत होती. सासू शेजारच्या स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन, एकेक शब्द ऐकत बसलेली.

"न्हाई हो मॅडम," आई म्हणाली. "माझी लेक एकदम खणखणीत. तिला साधी सर्दी होत न्हाई."

मी पोरीकडं बघून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिनं आईकडं बघितलं. मग मान हलवून नाही म्हणाली. अजून काय करायचं असतं डॉक्टरनं? गोळी लिहिली, जेवून घ्यायला सांगितली, कोर्स अर्धा सोडू नको म्हटलं, त्रास वाटला तर लगेच फोन कर म्हटलं. त्या बस्ता आटोपून गावाकडं गेल्या, आणि दुपारी हा आमसुलाचा फोन.

"ओठ सुजलेत का तिचे?" मी विचारलं.

"जरासे."

"आवाज?"

"बसलाय जरा. दाढंनं असंल."

"दाढेनं आवाज बसत नसतो, बाई!" मी ओरडलेच. हेडमास्तर खुर्चीवर दचकले.

इथं थोडं समजावून सांगते. आपल्याकडं अंगावर लाल गांधी उठल्या की लोक म्हणतात पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी चोळतात, पाजतात. बऱ्याचदा ते आपोआप बसतं आणि श्रेय आमसुलाला मिळतं. पण औषधाच्या रिॲक्शनमध्ये कातडीवर जे दिसतं तेच आत घशातही होत असतं. घसा सुजतो, श्वासाची वाट आवळते, बीपी खाली येतं. आम्ही त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतो. त्यावर पहिला इलाज एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीत, आणि लगेच. खाजेची गोळीसुद्धा तिथं एकटी पुरत नाही, तर आमसूल काय करणार?

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. तुमच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात. नांदेडला यायच्या फंदात पडू नका."

"आत्ता? पाव्हणे बसलेत हो घरात. इहीणबाई हायत, जावई हायत. कापडं दाखवून राहिलेत सगळ्याला."

"बसू द्या. पोरीला रिॲक्शन आली म्हणून सांगा."

"कसं सांगू? अंगावर उठतं म्हटलं की लोक पांढऱ्या कोडापतुर पोचतात. सोयरीक मोडली तर तुम्ही येणार का जमवायला?" आणि मग मला धीर द्यायला म्हणाली, "काही व्हत न्हाई. पयलेबी असंच उठलं होतं. आमसुलानं बसलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पहिल्यांदा कधी?"

"बारावीला. लातूरला हॉस्टेलात होती तवा. घसा धरला म्हणून रूममधल्या पोरीनं तिच्यातल्या कॅप्सूल दिल्या. सगळं अंग उठलं. डोळे झाकले होते सुजून. पर ते वांग्यानं हो. त्या दिवशी मेसला वांगं होतं."

"त्याच्यानंतर वांगं खाल्लं का तिनं कधी?"

"खाती की. भरलं वांगं तर लई आवडतं."

"मग? उठतं का?"

"न्हाई. पर त्या दिवशी मेसला वांगंच होतं हो."

मला सांगा, संताप येणार नाही तर काय? लातूरला क्लाससाठी ठेवलेली पोरं एकमेकांना नोट्स देतात तशा गोळ्या देतात. तुझा घसा, माझ्या कॅप्सूल. कुठल्या डॉक्टरनं कुणाला, कशासाठी लिहिल्या, कुणाला पत्ता नाही. बरं, दिल्या तर दिल्या. सगळं अंग सुजून आलं तर डॉक्टरला दाखवाल की नाही? नाही! बिचाऱ्या वांग्यावर आळ घेऊन मोकळे. आणि बारावीची पोर लग्नाची झाली तरी ती गोष्ट घरात दाबून ठेवायची. मी तोंडावर विचारलं तरी नाही म्हणायचं. कशासाठी, तर स्टुलावर सासू बसलीय.

"फोन पोरीला द्या," मी म्हटलं.

"तिला कशाला—"

"द्या म्हणते ना!"

शिवकन्या 'मॅडम' म्हणाली तेवढ्यातच कळलं. आवाज खरखरीत, शब्दामागं दम. "घशात... कायतरी... अडकल्यावाणी—"

"ऐक. बोलू नको जास्त. उठून चालायचं नाही. उभी राहिलीस की बीपी पडतं, जागेवर कोसळशील. बाहेर कोण बसलंय?"

"आत्या." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"हाक मार तिला. जितका आवाज आहे तेवढा काढ. लाजू नको. लग्नाला आधी जिवंत राहावं लागतं."

मागून आई म्हणत होती, अगं थांब, अगं मी सांगते काहीतरी. आणि तिचं बोलणं मधेच तोडून पोरीनं हाक मारली. "आत्या!" एकदाच. फाटकी, चिरकी हाक. मला अजून आठवते.

पळापळीचा आवाज आला. फोन खाली पडला, कुणीतरी उचलला. "कोण बोलतंय?"

"मी दाताची डॉक्टर. सकाळी आला होतात. पोरीला गोळीची रिॲक्शन आलीय. उचलून गाडीत घाला, आडवी ठेवा, पाय उशीवर. दम लागला तर टेकून बसवा, पण चालवू नका. गोळीचं पाकीट बरोबर घ्या. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, पेनिसिलिनची रिॲक्शन. मी तिथं फोन करते."

"बरं," बाई म्हणाल्या. एक प्रश्न विचारला नाही. फोन चालूच राहिला आणि मला ऐकू आलं, "कापडं सोड ती! गाडी काढ आधी!" ते बहुतेक नवरदेवाला होतं.

मी अर्धापूरच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन भरून तयारच ठेवलं आणि गाडी दारात आल्या आल्या मांडीत दिलं. ऑक्सिजन, सलाईन. मग मुक्कामी ठेवून घेतलं, कारण असली रिॲक्शन एकदा बसली तरी काही तासांनी पुन्हा डोकं वर काढू शकते. संध्याकाळी त्या डॉक्टरांचा फोन आला. "वाचली. पण मॅडम, पोरीची आई मला विचारून राहिली की आमसूल कधीपासून सुरू करू."

मी फोन ठेवला आणि पाणी प्यायले.

काही दिवसांनी त्या तिघी पुन्हा आल्या. विहीणबाई बाहेर चपला काढत होत्या तेवढ्यात शिवकन्याची आई पोरीला घेऊन पुढं आत आली. हातात केळीची अख्खी फणी, घरच्या बागेतली. फणी टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं होतं. आम्ही पाव्हण्यात असं सांगितलंय की तुमच्याकडनं गोळी चुकली. तुम्ही काही बोलू नका."

"काय?"

"तुमचं काय जातंय? आमच्या लेकीचं लग्न हाय."

 मी विचारलं तेव्हा ही नाही म्हणाली. पोरीचा घसा आवळत होता तेव्हा ही आमसूल भिजवत होती. आणि आता चुकले कोण, तर मी! इतक्या वर्षांची माझी प्रॅक्टिस, आणि अर्धापूरभर माझं नाव काय झालं असेल? तिला काय काय सुनावायचं ते सगळं जिभेवर आलं होतं. पण खुर्चीवर पोर बसली होती, खाली मान घालून. मी फणी बाजूला सारली आणि पेन घेतलं.

माझ्या नावाच्या छोट्या जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पेनिसिलिन गटाची औषधं देऊ नयेत. खाली काय झालं होतं ते थोडक्यात, आणि सही.

"हे कायम जवळ ठेवायचं," मी शिवकन्याला सांगितलं. "डॉक्टर कुठलाही असो, दाताचा, डोळ्याचा, बाळंतपणाचा. आधी हे दाखवायचं. मेडिकलवाल्यालाही दाखवायचं. कंपनीगणिक गोळीचं नाव बदलतं, घराणं बदलत नाही. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, सगळी त्याच घरातली. या घराण्याचे चुलत भाऊही आहेत, म्हणजे मिळतीजुळती औषधं, ती घ्यायच्या आधी डॉक्टरला विचारायचं. कुणाच्या उरलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि सवड काढून ॲलर्जीच्या डॉक्टरकडं एकदा तपासून घे."

"असं लिहून नका देऊ हो," आई कळवळली. "कुणी वाचलं म्हंजी?"

"वाचावं म्हणूनच लिहिलंय!"

शिवकन्यानं कार्ड घेतलं. मोबाईलच्या पारदर्शक कव्हरात, मागच्या बाजूला सरकवलं, अक्षरं बाहेर दिसतील अशी. आता तोंड उघडता येत होतं म्हणून स्वतःच म्हणाली, "मम्मी, मॅडमची गोळी चुकली न्हाई. आपण खोटं बोललो. मी आत्याला दवाखान्यातच सांगितलंय समदं."

विहीणबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं. शिवकन्याच्या आईचा चेहरा पांढरा पडला. मलाही वाटलं, लपवाछपवी अजून चालूच आहे हे ऐकून आता इथंच माझ्या दवाखान्यात सोयरीक मोडते की काय.

विहीणबाई आत आल्या, त्याच स्टुलावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली.

"मॅडम, मलाबी एक कार्ड लिहून द्या."

"तुम्हाला कशाचं?"

"सल्फाचं. लगीन व्हायच्या आधी घेतल्या होत्या त्या गोळ्या. तोंड सोलून निघालं होतं माझं, कातडीचे पापुद्रे आले होते. आईनं शपथ घातली, सासरी बोलू नको म्हणून." त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. "आमच्या मालकाला अजून म्हाईत न्हाई."

 शिवकन्याची आई तर विहिणीकडं अशी बघत होती की जणू आज पहिल्यांदा भेट झाली. आणि मला राग कुणाकुणाचा करावा तेच कळेना. या बाईंचं बाळंतपण झालं असेल, ऑपरेशन झालं असेल, ताप-खोकले तर मोजायलाच नकोत. दर वेळी कुणीतरी विचारलं असेल, ॲलर्जी आहे का? आणि दर वेळी ही शहाणी बाई नवऱ्यासमोर नाही म्हणाली असेल. जिवापेक्षा सासर मोठं! कुणी शिकवलं हे? मी दुसरं कार्ड काढलं आणि पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं.

दाढ नंतर काढली, काही त्रास झाला नाही. लग्नही ठरल्या तारखेला लागलं. फोटोत शिवकन्याच्या हातात मोबाईल आहे आणि मागं कार्ड दिसतं. फोटोग्राफरनं दोनदा सांगूनही तिनं तो बाजूला ठेवला नाही, असं तिच्या आत्याच कौतुकानं सांगत होत्या.

मी मात्र दवाखान्यात एक बदल केला. औषध लिहायच्या आधी पेशंटबरोबरच्या माणसांना बाहेर बसवते. आई असो, सासू असो, नवरा असो. रागावतात, रागावू देत. आणि ॲलर्जी आहे का हा प्रश्न मी विचारते, नियम आहे म्हणून. मग दार लावून घेते आणि दुसरा प्रश्न विचारते: एखादी गोळी घेतल्यावर कधी आमसूल लागलं होतं का?

ॲलर्जी आमच्याकडं कुणालाच नसते. आमसूल मात्र बऱ्याच जणांना लागलेलं असतं.